ज्ञानोदय : एका धर्मनिष्ठ नियतकालिकाची जडणघडण

एखादे नियतकालिक विशिष्ट धर्मश्रद्धेच्या प्रसारासाठी निघाले, की ते चालू घडामोडींकडे तटस्थपणे पाहू शकत नाही, असा सामान्य समज आहे. तो बव्हंशी खरा आहे. परंतु अशा पत्राचे ऐतिहासिक मोल केवळ त्याच्या तटस्थतेवरून ठरत नाही. ‘ज्ञानोदय’ या मराठी ख्रिस्ती पत्राचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासनीय आहे.

अमेरिकन मिशनरी 1813 मध्ये मुंबईस आले आणि 1831 पासून अहमदनगर हे त्यांच्या कार्याचे एक प्रमुख केंद्र बनले. याच नगरात जून 1842 मध्ये रेव्हरंड हेन्री बॅलंटाइन यांच्या संपादकत्वाखाली ‘ज्ञानोदय’चा आरंभ झाला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ 1832 मध्ये व भाऊ महाजनांचे ‘प्रभाकर’ 1841 मध्ये निघाले होते. म्हणजे मराठी वृत्तपत्रसृष्टी अद्याप बाल्यावस्थेत होती. काही काळाने ‘ज्ञानोदय’चे प्रकाशन मुंबईस हलविण्यात आले. आरंभी मासिक असलेले हे पत्र पुढे पाक्षिक व नंतर साप्ताहिक झाले.

पत्राची धर्मविषयक भूमिका कर्मठ होती. बायबल हेच अंतिम प्रमाण आणि ख्रिस्त हाच एकमेव तारणारा, या श्रद्धेत तडजोडीस वाव नव्हता. मूर्तिपूजा, जातिभेद व पौराणिक कथा यांवर त्यात सातत्याने टीका होई. मात्र त्याच अंकांतून भूगोल, खगोल, इतिहास आणि देशोदेशीच्या वार्ताही येत. या ज्ञानदानामागेही हेतू होता. पृथ्वीचा आकार किंवा ग्रहणाचे कारण वाचकास समजले, की पुराणांवरील त्याचा विश्वास ढळेल, अशी मिशनऱ्यांची अपेक्षा होती. तथापि विज्ञानाची ही कसोटी पुराणांना जितक्या काटेकोरपणे लावली जाई, तितक्या काटेकोरपणे ती बायबलला लावली जात नसे. हे या पत्राच्या दृष्टिकोनातील मूलभूत वैगुण्य होय. स्वाभाविकच हिंदू विद्वानांनी प्रत्युत्तरे दिली. 1857 मध्ये मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी व मिशनरी यांच्यात झालेले जाहीर वादविवाद याच वातावरणाचे द्योतक आहेत.

असे असूनही, 1855 मध्ये या पत्राने एक असामान्य लेख प्रसिद्ध केला. जोतीराव फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग व महार यांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 15 फेब्रुवारी व 1 मार्च या दोन अंकांत छापला गेला. वेदांचा अधिकार ज्यांना नाही त्यांचा धर्म तरी कोणता, हा तिचा प्रश्न मिशनऱ्यांना सोयीचा होता, यात शंका नाही. परंतु निबंधातील वेदना ही तिची स्वतःची होती. ती कोणाच्या प्रचाराची उसनवारी नव्हती. संपादकांचा हेतू काहीही असो, जिला अन्यत्र क्वचितच स्थान मिळाले असते अशी वाणी त्यांच्या स्तंभांमुळे टिकून राहिली.

या गोष्टीचे महत्त्व दुसऱ्या एका प्रदेशाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. तेव्हाच्या रायपूर जिल्ह्यात 1868 मध्ये ऑस्कर लोर यांनी विश्रामपूर येथे मिशनकेंद्र स्थापिले व सतनामी समाजात कार्य आरंभिले. त्या कार्याचा आरंभीचा इतिहास लिहिताना अभ्यासकास मिशनऱ्यांच्याच पत्रांवर व अहवालांवर मोठ्या प्रमाणात विसंबावे लागते. तेथे सतनामी माणूस बहुधा वर्णनाचा विषय म्हणून भेटतो. पुण्याची मुक्ता मात्र स्वतः लेखिका म्हणून आपल्यासमोर उभी राहते.

पुढील काळात ‘ज्ञानोदय’ची सूत्रे एतद्देशीयांकडेही आली. बाबा पदमनजींनी काही वर्षे संपादन केले. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक यांनी 1912 नंतर मराठी विभाग सांभाळला. ख्रिस्तभक्तीने अभंग व कीर्तन यांचा स्वीकार करावा आणि भारतीय ख्रिस्ती मनुष्याने देशप्रेमास पारखे होऊ नये, असा त्यांचा आग्रह होता. श्रद्धा तीच राहिली, पण तिचा पेहराव व स्वर पालटला.

म्हणून असे पत्र वाचताना तीन प्रश्न विचारावेत : ते काय सिद्ध करू पाहते? ते कोणती कसोटी इतरांना लावते, पण स्वतःस लावत नाही? आणि त्याच्या पानांतून, त्याच्या हेतूपलीकडे, कोणाचा आवाज आपल्यापर्यंत पोहोचतो? पहिल्या दोन प्रश्नांनी ‘ज्ञानोदय’च्या मर्यादा कळतात, तिसऱ्याने त्याचे ऋण कळते.