चौपट परतफेड

चोरी करू नये, असे जगातील बहुतेक सर्व धर्म सांगतात. ज्यू आणि ख्रिस्ती लोकांच्या धर्मग्रंथांत, देवाने मोशेला दिलेल्या दहा आज्ञांमध्ये ही आज्ञा आहे. (रोमन कॅथलिक लोक तिला सातवी म्हणतात, तर बहुतेक प्रॉटेस्टंट पंथ आठवी. मोजण्याची रीत निराळी, आज्ञा तीच.) आज्ञा फार छोटी आहे, परंतु चोरी घडून गेल्यावर काय करावे, याविषयी त्याच ग्रंथांत जे सांगितले आहे ते अधिक विचार करण्याजोगे आहे.

मोशेच्या नियमशास्त्रात असे आहे की, कोणी मेंढरू चोरून मारले किंवा विकले, तर त्याने एकाबद्दल चार मेंढरे द्यावीत. बैल चोरला असेल, तर एकाबद्दल पाच बैल द्यावेत. जनावर चोराजवळ जिवंत सापडले, तर दुप्पट भरपाई पुरे. बैलाबद्दल एक अधिक का? एका प्राचीन ज्यू पंडिताने याचे कारण सांगितले आहे. मेंढरू गेले म्हणजे मेंढरूच जाते. बैल गेला म्हणजे मालकाचे कामही अडते. ऐन वापशाच्या दिवसांत बैल गमावलेला शेतकरी ज्याने पाहिला असेल, त्याला हा हिशेब समजावून द्यावा लागणार नाही. चोरीचे मोल ठरवताना चोराला काय मिळाले हे न पाहता, ज्याचे गेले त्याचे किती नुकसान झाले, हे येथे पाहिले आहे. ज्या चोराजवळ देण्यास काहीच नसे, त्याला विकून भरपाई करावी, असेही त्या शास्त्रात आहे. तो भाग आज कोणालाही मान्य होणार नाही.

ज्याने फसवून घेतले आणि मग अपराध कबूल केला, त्याने मूळ वस्तू आणि तिच्या किमतीचा पाचवा हिस्सा मालकाला द्यावा, आणि देवापुढे अर्पणही आणावे, असा दुसरा नियम आहे. म्हणजे देवाची क्षमा मागितली तरी मालकाचे देणे सुटत नाही.

येशू ख्रिस्ताच्या काळी यरीहो नगरात जक्कय नावाचा मुख्य जकातदार राहत होता. त्याची कथा लूककृत शुभवर्तमानात आहे. रोमन राज्यात जकातीचा मक्ता देण्याची पद्धत होती. मक्तेदार ठरलेली रक्कम सरकारात भरी आणि वर जे मिळेल ते स्वतःजवळ ठेवी. जक्कय काही रात्री भिंत फोडून घरात शिरणारा चोर नव्हता. त्याचा व्यवहार भरदिवसा आणि सरकारच्या नावाने चाले. त्याच्यापुढे दाद कोणी मागावी? असे धन गोळा करणाऱ्याला लोक चोराहून बरा समजत नसत, आणि मला वाटते, त्यांचे काही चुकत नव्हते.

येशू त्या नगरातून जात असता ठेंगणा जक्कय गर्दीपुढे धावत गेला आणि त्याला पाहण्यासाठी झाडावर चढला. येशूने त्याला खाली बोलावले आणि मी आज तुझ्याच घरी उतरणार, असे सांगितले. लोक कुरकुर करू लागले. तेव्हा जक्कय उभा राहिला आणि म्हणाला की, मी माझे अर्धे धन गरिबांना देतो, आणि कोणाचे अन्यायाने घेतले असेल तर ते चौपट परत करतो.

मुलांनो, हा हिशेब पाटीवर मांडून पाहा. समजा, त्याच्याजवळ ८००० रुपये होते. अर्धे, म्हणजे ४००० रुपये, गरिबांना गेले. उरलेल्या ४००० रुपयांतून चौपट भरपाई करायची. लोकांकडून त्याने १००० रुपये जरी अन्यायाने घेतले असले, तरी घरात एक पैसाही शिल्लक राहत नाही! नियमाप्रमाणे कबुली देणाऱ्याला पाचवा हिस्साच अधिक द्यावा लागे. जक्कयाने मेंढरे चोरून मारणाऱ्याचा दंड आपण होऊन स्वतःवर घेतला. या घराला आज तारण प्राप्त झाले आहे, असे येशू म्हणाला तो हे ऐकल्यावर.

पुढे सुमारे सव्वातीनशे वर्षांनी उत्तर आफ्रिकेतील तागास्ते या गावी, इ. स. ३५४ मध्ये, ऑगस्टीन नावाचा मुलगा जन्मला. सोळा वर्षांचा असताना, एका रात्री सोबत्यांसह त्याने शेजारच्या एका झाडाचे नासपती हलवून पाडले आणि ओझीच्या ओझी वाहून नेली. ती फळे दिसण्यात किंवा चवीत काही विशेष नव्हती. त्याला भूकही नव्हती. त्याहून चांगली फळे त्याच्याजवळ होती. थोडी चाखली आणि बाकीची डुकरांपुढे टाकली. एकटा असतो तर मी हे केले नसते, असे त्याने पुढे आपल्या ‘कन्फेशन्स’ या प्रसिद्ध आत्मनिवेदनात लिहिले आहे. आपल्या मनाचा तळ तो त्यात पानोपानी शोधतो. त्या झाडाच्या मालकाचे नाव मात्र कोठेही येत नाही. ज्याचे वर्षाचे फळ गेले, त्याची आठवण मोठमोठ्या लेखकांनाही कशी राहत नाही, हे येथे दिसते.

परंतु हिप्पो नगराचा बिशप झाल्यावर, इ. स. ४१४ च्या सुमारास, याच ऑगस्टीनने मासेदोनियस नावाच्या रोमन अधिकाऱ्याला एक पत्र लिहिले. बिशप लोक अपराध्यांसाठी रदबदली का करतात, असे त्या अधिकाऱ्याने विचारले होते. ऑगस्टीनने कळवले की, परत करता येण्यासारखे असून जो चोरलेले परत करत नाही, त्याचा पश्चात्ताप हे सोंग आहे. ज्याच्याजवळ खरोखरच काही उरले नाही, त्याच्याकडून ते मागता येत नाही; त्याला यातनांपासून वाचवण्यासाठी शब्द टाकणे योग्य आहे. मात्र चोराचा माल चोराकडेच राहावा म्हणून जो मध्ये पडतो, तो त्या चोरीतला भागीदार होय.