जुनी चासी आणि नवें सस्पेन्शन

गेल्या वर्षीं एका विद्यार्थ्यानें मजपाशीं एक प्रश्न आणला. त्याच्या आजोबांची जुनी महिंद्र जीप घरीं आहे. थोडा वेग वाढून खांचखळगा लागला कीं तिचें स्टिअरिंग थडथडूं लागतें. कात्रजच्या घाटांत तर घरच्या मंडळींच्या काळजाचें पाणी होतें. "नव्या मोटारीचें पुढचें सस्पेन्शन हिला बसवितां येणार नाहीं काय?" असें त्याच्या वडिलांनीं विचारलें होतें. प्रश्न साधा दिसतो. परंतु त्यांत आपल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकांतील दोनतीन प्रकरणें गुंतलेलीं आहेत.

महिंद्र कंपनीनें मुंबईंत विलिस जीपची जुळणी आरंभिली. शिडीच्या आकाराची पोलादी चासी हा त्या गाडीचा पाया. पुढचीं दोन्ही चाकें एकाच अखंड आंसाच्या टोकांस, आणि आंस पाट्यांच्या कमानींवर बसविलेला. एक चाक धोंड्यावर चढलें कीं आंस तिरपा होतो व दुसरें चाकहि त्याजबरोबर कलतें. येथेंच खोड आहे. सायकलचें सुटें चाक आंसाच्या दोन्ही टोकांस धरून वेगानें फिरवावें व मग हलकेंच एका बाजूस कलवून पाहावें; तें हातांतल्या हातांत डावें-उजवें वळूं पाहतें. भोंवऱ्याचाच हा गुण. जीपच्या चाकांचें तेंच होतें: कललीं कीं वळूं पाहतात, आणि त्यांतच सांधे ढिले असले तर थरथर थांबत नाहीं. हा प्रयोग प्रत्येकानें एकदां करून पाहावा; वाचून त्याची गंमत कळणार नाहीं.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक चाक स्वतंत्र टांगणें. इटलींत लान्सिया लॅम्ब्डा या मोटारींत १९२२ सालीं तसें केलें होतें. अमेरिकेंत मॉरिस ऑली या इंग्रज इंजिनियरानें खटपट करून १९३४ च्या कॅडिलॅकला दोन भुजांची व गुंडाळलेल्या स्प्रिंगची मांडणी दिली. वरची भुजा आंखूड, खालची लांब. त्यामुळें वळणावर गाडी झुकली तरी बाहेरचें चाक बरेंचसें उभें राहतें. मुंबईच्या टॅक्सींतून २०२३ सालीं निवृत्त झालेल्या प्रीमियर पद्मिनीच्या पुढच्या चाकांस अशाच भुजा होत्या.

मग नवी मोटार मोडून तिची मांडणी जीपला कां लावूं नये? पहिली अडचण अशी कीं, पुण्यांतच तयार झालेल्या १९९८ च्या इंडिकेप्रमाणें आजच्या बहुतेक लहान मोटारींत मॅक्फर्सनचा उभा खांब असतो. त्या खांबाचें वरचें टोक मडगार्डाच्या आंत, बॉडीच्याच भक्कम पत्र्यास टेकतें. शिडीची चासी पडली गुडघ्याएवढ्या उंचीची. तो खांब टेकावा कोठें? म्हणून भुजांचीच मांडणी घ्यावी लागते, आणि तीसाठीं चासींत नवा आडवा तुळवट बसवावा लागतो.

आतां तरफेचा हिशेब करूं. चाकावर ३०० किलो भार आहे व स्प्रिंग खालच्या भुजेच्या बरोबर मध्यावर आहे असें धरा. स्प्रिंगला ६०० किलो पेलावे लागतात. ती चासीस ६०० किलोंनीं वर रेटते, आणि भुजेची आंतली बिजागरी ३०० किलोंनीं खालीं ओढते. बेरीज तीच, ३००. पण चासीचा तेवढाच भाग पिळला जातो. पाट्यांची कमान हाच भार पुढें व मागें दोन ठिकाणीं वांटून देत असे. म्हणून त्या जागीं चासीची उघडी पन्हळ पट्टी जोडून बंद पेटीसारखी करावी लागते. हें न करतां केलेलें वेल्डिंग एखाद्या दिवशीं घाटांत सुटेल.

सर्वांत फसवी गोष्ट स्टिअरिंगच्या दांड्याची. कंपासनें कागदावर निरनिराळ्या त्रिज्यांचे दोन कंस एकाच बिंदूंतून काढा. थोडें पुढें जातांच ते एकमेकांपासून फांकतात. चाक वर-खालीं होतांना भुजेचें टोक एका कंसांत जातें. दांड्याचें टोक दुसऱ्याच कंसांत गेलें, तर चालकानें हातहि न लावतां प्रत्येक खड्ड्यांत चाक आपोआप वळेल. उभ्या गाडींत हा दोष दिसतच नाहीं. शिवाय जीपचीं पुढचीं चाकेंहि इंजिनाची ओढ घेतात. त्यांच्या सांध्यांचा खटाटोप तो वेगळाच.

कायद्याचेंहि सांगितलें पाहिजे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम निर्मात्याच्या मूळ तपशिलांत मन मानेल तसा फेरफार करूं देत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्याचा अर्थ असाच लावला. २०२१ च्या नियमांनीं ५० वर्षांहून जुन्या गाडीस 'व्हिंटेज' म्हणून नोंदण्याची सोय केली, ती मूळ स्वरूप राखलेल्या गाडीसच. मोठा कारखाना अशीं नवीं मांडणी करतो तेव्हां तिची रीतसर चांचणी होते. आपल्या वेताळ टेकडीवर १९६६ सालीं स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन अशाच कामासाठीं आहे. पेठेंतला कारागीर कितीहि हुशार असो, त्याच्यापाशीं ती साधनें नसतात.

त्या विद्यार्थ्याच्या वडिलांस मीं एवढेंच सुचविलें कीं, प्रथम जीप जॅकवर उचलून चाक वर-खालीं धरून हलवून पाहावें. तें चांगलें बोटभर हललें. किंगपिनच्या बेअरिंगा झिजल्या होत्या, आणि दांड्याचा एक सांधा पार ढिला होता. दोन्ही बदलले, टायरांतील हवा सारखी केली. मागच्या दिवाळींत आजोबा त्याच जीपमधून कात्रजचा घाट उतरून सासवडास जाऊन आले.