स्कूटर दोन किलोमीटरवरच का थांबते?

जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरचे एक चमत्कारिक दुखणे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. ती पहिल्या-दुसऱ्या किकला सुरू होते, दोनेक किलोमीटर झकास पळते आणि मग आचके देत बंद पडते. टाकी तर अर्धी भरलेली! दहा-पंधरा मिनिटे उभी ठेवली की पुन्हा सुरू होते आणि पुन्हा जवळजवळ तितकेच अंतर जाते. अशा वेळी बहुतेक जण पाना घेऊन कार्बोरेटर उघडायला बसतात. माझ्या मते ते काम अगदी शेवटचे. आधी कागद-पेन्सिल घ्यावी.

१९७२ साली आलेल्या बजाज चेतकसारख्या स्कूटरमध्ये पेट्रोलचा पंप नसे. टाकी सीटखाली आणि कार्बोरेटर तिच्याही खाली. पेट्रोल केवळ स्वतःच्या वजनाने उतरते. जितके पेट्रोल उतरेल तितकी हवा टाकीत यायला हवी, म्हणून झाकणाला एक बारीक भोक असते. ते धूळ आणि तेलाने बुजले तर काय होईल?

समजा, टाकीत ३ लिटर पेट्रोल आणि वर ३ लिटर हवा आहे. ३० मिलिलिटर पेट्रोल खाली गेले की हवेला शंभराव्या हिश्श्याने जास्त जागा मिळते. बॉइलच्या नियमाप्रमाणे तिचा दाब सुमारे एक टक्क्याने घटतो. एक टक्का म्हणजे अगदीच थोडा, असे वाटेल. पण वातावरणाचा दाब सुमारे १० मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्याचा एक टक्का म्हणजे १० सेंटिमीटर पाणी, किंवा पेट्रोल हलके असल्याने १३-१४ सेंटिमीटर पेट्रोल! टाकीतली पातळी कार्बोरेटरपेक्षा वीतभर उंच धरली, तर ५० मिलिलिटर पेट्रोल जाताच बाहेरची हवा खालून उरलेले पेट्रोल अडवून धरते. लिटरला ४० किलोमीटर या हिशेबाने ५० मिलिलिटरमध्ये अंतर किती? बरोबर दोन किलोमीटर. (पेट्रोलची वाफ दाबाची थोडी भरपाई करते, त्यामुळे प्रत्यक्षात अंतर काहीसे वाढते.) गाडी उभी असताना झाकणाच्या फटीतून हवा हळूहळू झिरपते, म्हणून ती पुन्हा सुरू होते.

पडताळा सोपा आहे. गाडी बंद पडताच झाकण सैल करावे. ‘सुस्’ असा आवाज येऊन गाडी लगेच सुरू झाली, तर दोष सापडला.

झाकण निर्दोष असेल तर मात्र कार्बोरेटरकडे वळावे लागते. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते, तेव्हा तिचा दाब कमी होतो. हे तत्त्व डॅनिएल बर्नुली याने १७३८ साली मांडले. इंजिन पेट्रोल ओढते असे आपण म्हणतो. खरे तर वातावरणाचा दाब ते जेटमधून वर ढकलतो. १ किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. म्हणजे लिटरभर पेट्रोलला जवळजवळ ९,००० लिटर हवा! हे प्रमाण सांभाळते ते पितळी जेटचे सुमारे एक मिलिमीटरचे भोक.

कचऱ्याने त्याचा व्यास १ चा ०.९ मिलिमीटर झाला, तर क्षेत्रफळ १९ टक्क्यांनी घटते. उलट, तार खुपसून ते १.१ मिलिमीटर केले तर २१ टक्क्यांनी वाढते, आणि तो बदल कायमचा! पितळ मऊ असते. म्हणून जेट हवेच्या झोताने साफ करावे; तारेने कधीही नाही.

पेट्रोल कमी पडते की जास्त, हे चोक सांगतो. चोक ओढल्यावर मिश्रणात पेट्रोल वाढते. गरम इंजिन त्यामुळे सुधारले, तर पेट्रोल कमी पडत होते: जेट चोंदले असेल, किंवा कोठून तरी जादा हवा शिरत असेल. ते आणखी बिघडले, तर पेट्रोल जास्त होत होते: एअर फिल्टर तुंबला असेल, नाहीतर फ्लोटची सुई गळत असेल. तेव्हा प्लगवरही काळी काजळी दिसते.

जुन्या गाड्यांपुढे आज एक नवा प्रश्न आहे. २०२३ पासून आपल्याकडे २० टक्के एथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले. एथेनॉलच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग ऑक्सिजनच असल्याने या मिश्रणाला पंधराऐवजी साडेतेरा पट हवा पुरते. जेट मात्र जुन्याच हिशेबाचे! म्हणून इंजिनाला पेट्रोल किंचित कमी पडते. शिवाय एथेनॉल पाणी शोषते. गाडी महिनोन्महिने पडून राहिली आणि पाणी फार झाले, तर पाणी व एथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि नळीत आधी तेच उतरते.

अशा गाडीच्या टाकीच्या तळातले थोडे पेट्रोल मोठ्या माणसाच्या हातून काचेच्या बाटलीत काढून घ्या, तेही उघड्यावर आणि जाळापासून दूर. कारण पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. बाटली थोडा वेळ स्थिर ठेवा. दोन थर दिसले तर टाकी पूर्ण रिकामी करून नवे पेट्रोल भरावे, आणि त्यात टू-स्ट्रोकचे तेल मिसळायला विसरू नये.