कचरा वेगळा केल्याने काय साधते?

१. इमारतीत सकाळी प्रत्येक दारापुढे कचऱ्याची एक बादली ठेवलेली असते. रात्रीचा उरलेला भात, चहाचा चोथा, दुधाची पिशवी, जुने वर्तमानपत्र, फुटलेला पेला, संपलेले सेल असे सर्व काही तिच्यात एकत्र पडलेले असते. यांतील बहुतेक वस्तू वेगवेगळ्या राहिल्या असत्या तर कोणाच्या ना कोणाच्या उपयोगी पडल्या असत्या. त्या एकत्र आल्या आणि त्यांचा कचरा झाला.

२. म्हणून या पाठात आपण तीन प्रश्नांचा विचार करू या. वस्तू वेगळ्या ठेवल्याने काय साधते? त्या मिसळल्या तर त्याचे मोल कोणाला द्यावे लागते? आणि आपल्या घरात व इमारतीत आपण नेमके काय करू शकतो?

आमेरचा धडा

३. राजस्थानात जयपूर शहराच्या उत्तरेस आमेर आहे. १७२७ मध्ये जयपूर वसवले जाण्यापूर्वी कछवाह राजांची राजधानी तेथे होती. आमेरचा राजा मानसिंग याने कागद बनवणारी कागझी घराणी आपल्या राज्यात आणली, असे परंपरा सांगते. ही घराणी जयपूरच्या दक्षिणेस सांगानेर येथे वसली आणि तेथील हातकागद आजही देशोदेशी जातो. त्याचा मुख्य कच्चा माल म्हणजे सुती चिंध्या आणि कपडे शिवताना उरलेली कातरण. कारागीर प्रथम चिंध्या निवडून घेतात आणि बटणे, कृत्रिम धागे व घाण बाजूला काढतात. मग चिंध्यांचे बारीक तुकडे करून पाण्यात त्यांचा लगदा करतात, तो चाळणीवर उचलतात, दाबतात व वाळवतात.

४. आमेरच्या किल्ल्याची वाट चढणाऱ्या हत्तींची लीददेखील वाया जात नाही. हत्तीला चाऱ्यातील तंतू पुरते पचत नाहीत, ते लिदीत तसेच उतरतात. जयपूर परिसरात ही लीद गोळा करून धुतात, उकळतात, निर्जंतुक करतात आणि तिचा कागद करतात. ‘हाथी छाप’ या नावाने तो विकला जातो.

५. यातून आपण काय शिकावे? चिंधी काय किंवा लीद काय, दोन्ही टाकाऊच मानल्या जात होत्या. त्यांना किंमत आली ती त्या निवडलेल्या व एकजिनसी होत्या म्हणून. त्याच चिंध्यांवर आमटी सांडली असती आणि काचा पडल्या असत्या, तर कोणत्याही कागझ्याने त्यांना हात लावला नसता. आपल्या स्वयंपाकघरातील रद्दीला हाच नियम लागू पडतो. कोरडे वर्तमानपत्र रद्दीवाला पैसे देऊन नेतो. त्यावर भाजीचा रस्सा सांडला की तेच फुकटसुद्धा नकोसे होते.

मिसळण्याचे मोल कोण देतो?

६. मिसळलेला कचरा डेपोवर जातो आणि ढिगाखाली दबतो. तेथे अन्नाला हवा मिळत नाही. असे अन्न कुजताना मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो, शिवाय तो पेट घेतो. ढिगातून झिरपणारे काळे पाणी सेलमधील व रंगांतील विषारी द्रव्ये बरोबर घेऊन जमिनीत उतरते. मुंबईतील देवनारचा कचरा डेपो १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तेथे मोठी आग लागली, धूर दिवसेंदिवस शहरावर राहिला आणि त्या भागातील पालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

७. डेपोजवळ राहणाऱ्यांची कथा सर्वत्र सारखीच आहे. त्या वेळचे औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, येथे फेब्रुवारी २०१८ मध्ये नारेगाव परिसरातील ग्रामस्थांनी शहराच्या कचरागाड्या अडवल्या. वर्षानुवर्षे दुर्गंधी, माश्या व दूषित पाणी सोसून ते थकले होते. शहरातील रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले आणि मार्चमध्ये मिटमिटा येथे हिंसाचारही झाला. आपण जे ‘बाहेर’ टाकतो ते कोणाच्या तरी अंगणात जाऊन पडते, हे त्या वेळी शहराच्या ध्यानात आले.

८. तथापि सर्वांत जड मोल देतात ते कचऱ्यात हात घालणारे लोक. पुण्यात १९९३ मध्ये बाबा आढाव आणि श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या प्रयत्नांतून ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य स्त्रिया आहेत आणि त्याही मुख्यत्वे दलित समाजातील. पुढे त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था स्थापन झाली व २००८ मध्ये पुणे महानगरपालिकेशी तिचा करार झाला. तेव्हापासून या स्त्रिया उकिरडे उपसण्याऐवजी दारोदार जाऊन कचरा घेऊ लागल्या. परंतु दारात मिळालेली बादली मिसळलेली असेल तर उकिरड्यावरील हाल संपत नाहीत. फुटलेली काच बोट कापतेच. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, असे ‘स्वच्छ’ने नागरिकांना सांगितले. या एका ठिपक्याने एखाद्या स्त्रीला ते हाताने उलगडावे लागत नाही.

घरात व इमारतीत काय करावे?

९. केंद्र सरकारच्या २०१६ च्या नियमांनी कचऱ्याचे तीन भाग करण्यास सांगितले होते. जानेवारी २०२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नियमांनी चार भाग ठरवले. पहिला ओला: उरलेले अन्न, साली, चहाचा चोथा, निर्माल्य. दुसरा सुका: कागद, प्लॅस्टिक, काच, धातू; दुधाची पिशवी किंवा डबा पाण्याने विसळून मगच यात टाकावा. तिसरा आरोग्यविषयक: पॅड व डायपर, गुंडाळून व खूण करून. चौथा विशेष काळजीचा: सेल, ट्यूबलाइट, रंगाचे डबे, मुदत संपलेली औषधे. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो, म्हणून ती फोडू नये. चार बादल्याच हव्यात असे नाही. रोजच्यासाठी दोन बादल्या, पॅडसाठी कागद आणि चौथ्या भागासाठी कपाटावर एक खोके पुरते.

१०. इमारतीने ओला कचरा आवारातच जिरवावा. समजा, १०० घरांच्या वसाहतीत दर घरी रोज एक किलो कचरा निघतो व त्यातला निम्मा ओला आहे. मग रोज ५० किलो ओला कचरा गाडीत चढणारच नाही. हवा खेळेल अशा टाक्यांत ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक थरावर वाळलेला पाला पसरावा. पाल्यातील कार्बन व अन्नातील नायट्रोजन यांचा मेळ बसला की ढीग ५५ ते ६० अंशांपर्यंत तापतो आणि त्यातील रोगजंतू मरतात. मूठभर खत दाबल्यास हाताला ओल लागावी, पण पाणी गळू नये. वास येऊ लागला तर पाला कमी पडला असे समजावे आणि ढीग वरखाली करावा. सुमारे दोन महिन्यांत खत तयार होते. गोव्यात पणजी महापालिकेने रहिवासी वसाहतींतच अशा खतकुंड्या उभारून हे काम चालवले.

११. सुका कचरा आठवड्यातून एक-दोनदा कचरावेचकाला किंवा भंगारवाल्याला द्यावा. अ‍ॅल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा धातू करण्यास खनिजापासून तो काढण्याच्या तुलनेत सुमारे ९५ टक्के ऊर्जा कमी लागते. मात्र सर्वच प्लॅस्टिक असे उपयोगी पडत नाही. वेफर्सच्या चकचकीत पाकिटात निरनिराळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात व ते सुटे करणे फार कठीण असते. अशा वस्तू कमी विकत घेणे हाच त्यांवरचा खरा उपाय होय.

१२. एक आक्षेप नेहमी ऐकू येतो: “आम्ही वेगळा करतो, पण गाडीत तो एकत्रच ओततात. मग उपयोग काय?” ही तक्रार अनेक ठिकाणी खरी आहे. अशा वेळी सोसायटीच्या चिटणिसांनी पालिकेच्या प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. परंतु ओला कचरा आवारात जिरला आणि सुका कचरावेचकाकडे गेला, तर गाडीत मिसळायला उरतेच किती? दुसरा आक्षेप असा की बादली घरकाम करणाऱ्या बाई भरतात. मग त्यांना दोन मिनिटे समजावून सांगावे आणि बादल्यांना दोन निरनिराळे रंग द्यावेत.

१३. वेगळे करण्याचे काम कोठे ना कोठे होतेच. आपण ओट्याजवळ केले तर ते क्षणाचे काम आहे. टाळले तर दुसऱ्या कोणाला तरी ते घाणीत वाकून करावे लागते, किंवा ते होतच नाही आणि डेपो पेटतो. आपल्या इमारतीत याची सुरुवात कोणत्या मजल्यावरून व्हावी, हे प्रत्येकाने ठरवावे.

उजळणीसाठी प्रश्न

• चिंध्यांचा व लिदीचा कागद होऊ शकतो, याचे कारण कोणते?
• ओले अन्न ढिगाखाली दबल्यास काय घडते, आणि हवेत कुजल्यास काय घडते?
• मिसळलेल्या बादलीचा त्रास कोणाकोणाला होतो?
• आपल्या इमारतीत वाळलेला पाला कोठून मिळेल आणि खताच्या टाक्या कोठे ठेवता येतील?