आवाज बसला म्हणजे पित्तच, असे नव्हे

"डॉक्टर, पित्त घशाशी आलंय, गोळी द्या." दवाखान्यात हे वाक्य ऐकल्याशिवाय माझा दिवस मावळत नाही. बहुतेकांच्या बाबतीत ते खरेही असते. पण नेहमीच नसते, हे मला एका रुग्णामुळे कळले.

हे गृहस्थ बाजार समितीत कांद्याचा लिलाव पुकारत. वय पंचावन्नच्या पुढे. आवाज बसला होता, आंबट ढेकर येत होते. मी पित्ताच्या गोळ्या दिल्या. महिन्याने जळजळ थांबली, आवाज मात्र घोगराच राहिला. मी त्याच गोळ्या आणखी महिनाभर लिहून दिल्या. ही माझी चूक. माणूस तीस वर्षे विडी ओढतो, हे मला ठाऊक होते. तिसऱ्या खेपेस मात्र त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले. स्वरतंतूवर पांढरट चट्टा निघाला. तुकडा काढून तपासला, तो कर्करोग होता. सुदैवाने अगदी सुरुवातीचा. किरणोपचारांनी ते बरे झाले. आणखी दोन-तीन महिने गेले असते, तर काय झाले असते याचा विचार आजही नकोसा वाटतो.

आपण ज्याला पित्त म्हणतो, ते बहुधा जठरातील आम्ल असते. जठर व अन्ननलिका जिथे मिळतात तिथे स्नायूंचे कडे असते. ते सैल पडले की आम्ल वर चढते. अन्ननलिका ते थोडेफार सोसते, पण स्वरयंत्राचे अस्तर फार नाजूक. त्यामुळे छातीत जळजळ नसतानाही काहींचा आवाज सकाळी जड असतो, सारखे खाकरावे लागते, कोरडा खोकला येतो, घशात गोळा अडकल्यासारखे वाटते.

अशा वेळी आधी घरचे पथ्य पाळावे. रात्रीचे जेवण झोपण्यापूर्वी तीन तास उरकावे. खाटेच्या डोक्याकडील पायांखाली विटा ठेवून ती बाजू सहा इंच उंच करावी. नुसत्या उशा रचल्याने पोट दुमडते व त्रास वाढतो. डाव्या कुशीवर झोपावे. पोट सुटले असेल तर वजन उतरवावे. तळलेले पदार्थ आणि वारंवारचा चहा कमी करावा, तंबाखू व दारू सोडावी. आम्ल कमी करणारी ओमेप्राझोलसारखी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, जेवणाआधी अर्धा तास घ्यावी. दुकानातून स्वतःच आणून महिनोन् महिने घेऊ नये.

मात्र पुढीलपैकी काही असेल तर घसा तज्ज्ञांना दाखवलेच पाहिजे:

१) आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असणे. विडी, सिगारेट, तंबाखू वा दारूचे व्यसन असल्यास तर मुळीच थांबू नये.
२) घास अडकणे किंवा गिळताना दुखणे.
३) एकाच बाजूला घसा दुखून कळ कानात जाणे.
४) मानेत गाठ लागणे.
५) थुंकीतून रक्त पडणे किंवा कारण नसताना वजन उतरणे.

श्वास घेताना घशातून आवाज येऊ लागला, दम कोंडू लागला, तर त्याच घटकेला मोठे रुग्णालय गाठावे. रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौचास झाली, तरी तसेच करावे.

या तपासणीला लोक उगाच घाबरतात. घसा बधिर करून आरसा किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरतंतू पाहतात. काही मिनिटांचे काम, त्यासाठी दाखल व्हावे लागत नाही. "माझी पोटाची दुर्बीण झालीय, सगळं ठीक आहे," असेही काही जण सांगतात. पण ती तपासणी अन्ननलिका व जठर पाहण्यासाठी असते. तेवढ्यावर स्वरतंतू निर्दोष आहेत असे समजू नये.

घोगऱ्या आवाजाचे बहुतेक रुग्ण साध्याच कारणाचे निघतात, तेव्हा भीती नको. पण आवाज बसला, की भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या तारखेवर खूण करा. तीन आठवडे उलटूनही तो मोकळा झाला नाही, तर नवी गोळी मागू नका. "माझा घसा तपासायला कुणाकडे जाऊ?" असे आपल्या डॉक्टरांना विचारा. ते विसरले असतील तर आठवण करून द्या. मीही एकदा विसरलो होतो.