आयपीव्ही६ : आधी वेग मोजा, मग पैसे मोजा

‘नेट स्लो आहे’ म्हटलं की दोन सल्ले हमखास मिळतात : मोठा प्लॅन घ्या, नाहीतर स्टॅटिक आयपी घ्या. दोन्हींना पैसे पडतात. त्याआधी आपल्या कनेक्शनवर आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, सुरू आहे का, हे फुकटात तपासून घ्या.

जुन्या आयपीव्ही४ मध्ये पत्ते सुमारे ४२९ कोटीच. त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्येच संपला. म्हणून बरेच प्रोव्हायडर एकच पत्ता अनेक घरांत वाटतात. त्याला सीजीनॅट म्हणतात. राउटरच्या सेटिंगमधला ‘वॅन आयपी’ १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर तुमचाही पत्ता सामायिक आहे.

दोन्हींची तुलना कशी करायची? (खर्च : शून्य)

लॅपटॉप राउटरला केबलने जोडा, म्हणजे वाय-फायचे चढउतार मध्ये येणार नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये गूगलसारख्या दोन्ही पत्ते असलेल्या साइटला पिंग करा; एकदा ‘-४’ लावून, एकदा ‘-६’ लावून. हेच सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास करा. सरासरी वेळ आणि पॅकेट लॉस लिहून ठेवा.

- रात्री फक्त आयपीव्ही४ मंदावलं : संशय सीजीनॅटवर, कारण आयपीव्ही६ त्यातून जात नाही. मोठ्या प्लॅनने हे सुटेलच असं नाही.
- दोन्ही मंदावली : लाइनवर किंवा प्रोव्हायडरकडे गर्दी. तक्रार नोंदवा.
- फक्त आयपीव्ही६ रखडलं : पानं उघडताना अडखळतात. आजचे ब्राउझर सहसा आधी आयपीव्ही६ वर प्रयत्न करतात आणि पाव सेकंदाच्या आसपास वाट पाहून आयपीव्ही४ कडे वळतात.

आयपीव्ही६ चं हेडर ४० बाइटचं, आयपीव्ही४ चं २०. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर फरक दीड एमबीपीएसहूनही कमी. स्पीड टेस्टचा आकडा फार हलला नाही, तर नवल नाही.

पैसे कुठे लागतात?

*सुरू करणं :* राउटरमधली सेटिंग, पैसे नाहीत. दूरसंचार विभागाच्या धोरणानुसार ३१ डिसेंबर २०२२ नंतरची नवी वायरलाइन कनेक्शनं आयपीव्ही६ चालवू शकणारी हवीत. कोणी ‘अ‍ॅक्टिव्हेशन चार्ज’ मागितला, तर लेखी कारण विचारा.

*राउटर :* फर्मवेअर अपडेट करूनही आयपीव्ही६ चा पर्याय दिसत नसेल, तरच नवा घ्या.

*स्टॅटिक आयपी :* भाव १८ टक्के जीएसटी धरून विचारा. महिना २०० रुपये सांगितले, तर वर्षाला २,८३२ होतात. ऑफिसचं व्हीपीएन ठरावीक पत्त्यालाच आत घेत असेल किंवा जुना डीव्हीआर थेट बाहेरून बघायचा असेल, तर हा खर्च रास्त. अ‍ॅपवर चालणाऱ्या सीसीटीव्हीला सहसा त्याची गरज नसते.

*क्लाउड :* अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेस १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्यामागे तासाला ०.००५ डॉलर घेते. म्हणजे वर्षाला सुमारे ४४ डॉलर. आयपीव्ही६ पत्त्याला हा आकार नाही. छोट्या साइटवाल्यांनी बिलातली ही ओळ तपासावी आणि वापरात नसलेले पत्ते सोडून द्यावेत.

तक्रार करताना वेळेसह लिहिलेले आकडे द्या. नुसत्या ‘स्लो आहे’ला कोणी दाद देत नाही. राउटरमध्ये आयपीव्ही६ ची फायरवॉल चालू ठेवा. आणि आयपीव्ही४ बंद करू नका. बऱ्याच साइट अजून त्यावरच आहेत.