हळद व आले : एका कुळीची दोन पिके

कचेरीत पीकपाहणीचे तक्ते उतरताना आम्ही हळद एका ओळीत व आले दुसऱ्या ओळीत लिहीत असू. वनस्पतिशास्त्र मात्र या दोहोंस एकाच आर्द्रककुलात घालते. वेलदोडा, आंबेहळद व सोनटक्का हीही त्याच कुलातील होत. या कुलात सुमारे ५० वंश व दीड हजारांवर जाती असून त्यांपैकी बहुतेक आशियाच्या उष्ण, दमट प्रदेशांत आढळतात.

या कुलाची लक्षणे अशी : पाने दोन रांगांत येतात. वर दिसणारा दांडा हा पानांच्या तळच्या वेष्टनांचा असतो. खरे खोड जमिनीत, तोच गड्डा. त्यास मूळ म्हणू नये, कारण मुळास डोळे नसतात. फुलात सफल पुंकेसर एकच. अंगी सुवासिक तेल असते. कर्दळ दिसण्यात जवळची, परंतु तीस हा सुवास नाही. तिचे कुल निराळे.

लागवडीच्या हळदीस बी धरत नाही. लागण गड्ड्यांनीच होते. त्यामुळे बेण्याबरोबर रोगही रानात येतो. गड्डे सडविणाऱ्या पिथियम बुरशीची बाधा हळद व आले या दोहोंस होते व ती जमिनीत टिकून राहते. एके वर्षी सडक्या हळदीच्या रानात आम्ही पीक पालटले असे समजून आले लाविले व तेही सडले. पिकाचे नाव पालटले होते, कुल नव्हे.

तरी शेतकरी बंधूंनी बेवड ठरविताना कुल पाहावे, बेणे निरोगी निवडावे व सरीत पाणी साचू देऊ नये.